गुरूने लिहिलेला मृत्युलेख

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. शिक्षक जातो आणि विद्यार्थी त्याच्याविषयी बोलतात, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. आज मला उलट्या क्रमाविषयी बोलायचं आहे. विद्यार्थी आधी जातो, तोही रणांगणावर, आणि शिक्षक मागे उरतो. अशा वेळी शिक्षकाने काय लिहावं? डोळे पुसून गौरव करावा, की संताप व्यक्त करावा? आणि त्या मुलाचं ऋण फेडायचं तर नेमकं काय करावं?

यासाठी मी एकच उदाहरण घेतो. लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकाच्या ९ सप्टेंबर १९१५ च्या अंकात एक मृत्युलेख छापून आला. लिहिणारे होते अर्नेस्ट रदरफर्ड. अणूला केंद्रक असतं हे जगाला सांगणारे, १९०८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले, मँचेस्टर विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक. ज्याच्यावर लिहिलं तो त्यांचा २७ वर्षांचा विद्यार्थी हेन्री मोझली. महिन्याभरापूर्वी, १० ऑगस्टला, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तो मारला गेला होता.

मोझलीचं नाव आपल्याला परकं नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आवर्तसारणीचा धडा आहे. डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं, मेंडेलीव्ह आणि मग १९१३ साली मोझली. मूलद्रव्यांची मांडणी अणुवस्तुमानानुसार न करता अणुअंकानुसार करायची, एवढं वाक्य पाठ करून मुलं दोन गुण मिळवतात. या माणसाचं पुढे काय झालं, हे मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही.

मोझलीचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ चा, इंग्लंडमधल्या वेमथचा. घरचे त्याला हॅरी म्हणत. घर अभ्यासकांचं. वडील 'चॅलेंजर' जहाजाच्या समुद्र-संशोधन मोहिमेवर गेलेले प्राणिशास्त्रज्ञ, पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झालेले. आईचे वडील शंखशिंपल्यांचे नामवंत जाणकार. वडील हॅरीच्या लहानपणीच वारले. तो शिष्यवृत्ती मिळवून ईटनला गेला, तिथून ऑक्सफर्डला. पदवी परीक्षेत पहिला वर्ग हुकला आणि दुसऱ्या वर्गावर समाधान मानावं लागलं. इथे बसलेल्या शिक्षकांनी आणि पालकांनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा. १९१० साली तो मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे आला. काम प्रात्यक्षिकं घेण्याचं आणि उरलेल्या वेळात संशोधनाचं.

त्या काळची मँचेस्टरची प्रयोगशाळा म्हणजे विद्वानांचा मेळाच. जर्मनीचे हान्स गायगर, हंगेरीचे गेऑर्ग हेवेशी, डेन्मार्कचे नील्स बोर, आणि इंग्रजांपैकी अर्नेस्ट मार्सडेन, जेम्स चॅडविक, चार्ल्स गाल्टन डार्विन. हे डार्विन म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विन यांचे नातू. रदरफर्ड न्यूझीलंडच्या शेतकरी घरातून आलेले, आवाजाने मोठे, मनाने मोकळे. आपल्या मुलांनी किरणोत्सर्गावरच काम करावं असं त्यांना वाटे, कारण तो त्यांचा प्रांत होता.

१९१२ मध्ये जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगात दिसलं की क्ष-किरण स्फटिकातून गेले की त्यांची ठरावीक नक्षी उमटते. मोझलीला आणि डार्विनला या विषयाने झपाटलं. रदरफर्ड आधी राजी नव्हते. क्ष-किरणांतलं जाणणारं मँचेस्टरमध्ये कोणी नाही, मग मुलांना शिकवणार कोण? पण मुलांनी हट्ट सोडला नाही, आणि गुरूंनी तो मोडला नाही. मोझली लीड्सला विल्यम ब्रॅग यांच्याकडे जाऊन तंत्र शिकून आला. शिष्य आपल्या प्रांताबाहेर निघाला तर त्याची वाट न अडवणं, हा गुरूच्या मोठेपणाचा भाग झाला. रदरफर्ड यांनी त्या वेळी नकार रेटला असता, तर दहावीच्या पुस्तकातलं ते वाक्य दुसऱ्या कोणाच्या नावावर गेलं असतं.

आता ते काम थोडक्यात सांगतो. ते समजल्याशिवाय गुरूचा शोक समजणार नाही.

मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यं वजनाच्या चढत्या क्रमाने मांडली. मांडणी अप्रतिम होती, पण काही जोड्या अडायच्या. कोबाल्टचा अणू निकेलपेक्षा किंचित जड, तरी गुणधर्म पाहता कोबाल्ट आधी यायला हवा. टेल्युरियम आणि आयोडिनचं तेच, आर्गॉन आणि पोटॅशियमचंही तेच. रसायनशास्त्रज्ञ या जागांची अदलाबदल करून टाकत, पण ती का करायची याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. सारणीतल्या मूलद्रव्याचा अनुक्रमांक म्हणजेच त्याच्या केंद्रकावरचा धनप्रभार असावा, असा तर्क डच अभ्यासक व्हान डेन ब्रुक यांनी मांडला होता. पण तो तर्कच होता.

मोझलीने तो मोजून दाखवला. इलेक्ट्रॉनांचा मारा केला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या खास तरंगलांबीचे क्ष-किरण सोडतं. त्याने निर्वात नळीत एक छोटी गाडी बसवली, तिच्यावर वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे तुकडे ठेवले, आणि रेशमी दोऱ्याने ती ओढून एकेक तुकडा माऱ्यासमोर आणला. बाहेर पडणारे किरण स्फटिकावरून फोटोच्या काचेवर घेतले. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतची छायाचित्रं एकाखाली एक लावली तेव्हा त्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या. शुद्ध जस्ताऐवजी त्याने पितळ वापरलं होतं, तर पितळेने तांबं आणि जस्त या दोघांच्याही रेषा दाखवल्या. कॅल्शियम आणि टायटॅनियम यांच्या मधे एक पायरी मोकळी राहिली, कारण स्कँडियम त्याच्या मालिकेत नव्हतं. वारंवारतेचं वर्गमूळ काढलं की ते एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्याच अंतराने वाढतं. वजन कसंही वरखाली होवो, हे अंतर बदलत नाही. निसर्गाच्या दप्तरी प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्णांक दिलेला आहे, आणि कोबाल्टचा २७ व निकेलचा २८ आहे. वाद संपला.

हे काम त्याने विलक्षण वेगाने केलं. रात्री प्रयोगशाळेत बसायचा. पहाटे तीनला मँचेस्टरमध्ये जेवण कुठे मिळतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, असं त्याच्या सहकाऱ्याने सांगून ठेवलं आहे. पहिला निबंध डिसेंबर १९१३ मध्ये आला. मग तो ऑक्सफर्डला परतला आणि एप्रिल १९१४ मध्ये दुसरा निबंध आला, ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंतचा. त्यात त्याने सांगितलं की ४३, ६१ आणि ७५ या क्रमांकांची मूलद्रव्यं अजून कोणाला सापडलेली नाहीत. त्याच सुमारास फ्रान्सचे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज उर्बँ दुर्मिळ मृदांचे नमुने घेऊन ऑक्सफर्डला आले. ही द्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्यात त्यांची वर्षानुवर्षं गेली होती. कशात काय आहे, हे मोझलीने त्यांना काही दिवसांत सांगितलं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन ऑस्ट्रेलियात भरणार होतं. मोझली आईला घेऊन निघाला आणि प्रवासातच महायुद्धाची बातमी आली. अधिवेशनात रदरफर्ड यांच्यासोबत त्याने अणूच्या रचनेवरच्या चर्चेत भाग घेतला आणि मिळेल त्या बोटीने मायदेशी परतून रॉयल इंजिनिअर्समध्ये नाव घातलं. ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची भरती नव्हती. ती १९१६ मध्ये आली. त्याला कोणी धरून नेलं नाही. तू प्रयोगशाळेतच राहा, असं सांगणारी माणसं त्याच्याभोवती होती. त्याने ऐकलं नाही.

१९१५ च्या उन्हाळ्यात तो ३८ व्या ब्रिगेडचा संदेशवहन अधिकारी म्हणून गॅलिपोलीला पोहोचला. ऑगस्टच्या सुरुवातीला चुनुक बायरच्या डोंगरधारेसाठी मोठी लढाई जुंपली. या लढाईत आपल्याकडची माणसंही होती. २९ व्या भारतीय ब्रिगेडचे गुरखे ९ ऑगस्टला त्या धारेवर चढले होते. १० च्या पहाटे तुर्की सेनानी मुस्तफा केमाल यांनी प्रतिहल्ला चढवला. हेच पुढे अतातुर्क झाले. धारेखालच्या 'द फार्म' नावाच्या छोट्या पठारावर ३८ वी ब्रिगेड होती. तिचा सेनापती ब्रिगेडियर जनरल बाल्डविन त्याच दिवशी पडला. मोझली टेलिफोनवरून हुकूम पोहोचवत असताना त्याच्या डोक्यात गोळी शिरली. त्याची कबर कुठे आहे, कोणाला ठाऊक नाही. गॅलिपोलीतल्या हेलेसच्या स्मारकावर बेपत्ता सैनिकांची वीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, त्यांतलं एक त्याचं. मृत्युपत्रात त्याने आपली उपकरणं आणि मालमत्ता रॉयल सोसायटीला दिली होती. अट एकच, पैसा प्रायोगिक संशोधनावर खर्च व्हावा.

आता रदरफर्ड यांच्या लेखाकडे येऊ. त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, मोझलीचं काम क्रमाने आणि नेमकेपणाने सांगितलं: काय मोजलं, कसं मोजलं, त्यातून काय सिद्ध झालं. शोकलेखात विशेषणांची रांग लावणं सोपं असतं. रदरफर्ड यांनी मोजमापं मांडली, आणि मोजमापांवर जगलेल्या मुलाला याहून मोठा मान देता आला नसता. दुसरी, त्याच्या स्वेच्छेने जाण्याचा आदर केला. तिसरी गोष्ट मात्र त्यांनी राग न लपवता केली. अशा माणसाला तुर्की गोळीपुढे उभं करण्यापेक्षा युद्धालाच लागणाऱ्या वैज्ञानिक कामावर ठेवलं असतं तर देशाचा अधिक फायदा झाला असता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. युद्ध ऐन भरात असताना, वर्तमानपत्रं वीरमरणाच्या कवितांनी भरलेली असताना, सरकारला हे सुनावायला धैर्य लागतं.

या तिसऱ्या गोष्टीपाशी मला थांबायचं आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांत तीच सर्वांत जास्त उगाळली गेली. मोझली जगता तर नोबेल मिळवता, असं आजही म्हटलं जातं, आणि ते निराधार नाही. १९१४ चं भौतिकीचं नोबेल लाउए यांना, १९१५ चं ब्रॅग पितापुत्रांना, १९१७ चं बार्कला यांना, १९२४ चं सीगबान यांना, ही सगळी क्ष-किरणांवरच्या कामासाठीच. १९१६ चं भौतिकीचं नोबेल कोणालाच दिलं गेलं नाही. म्हणून लोक हळहळतात: केवढी बुद्धी एका गोळीने संपवली!

रदरफर्ड यांचं म्हणणं सरकारविरुद्धची तक्रार म्हणून मला शंभर टक्के मान्य आहे. माणसाचं मोल ठरवण्याचं माप म्हणून मात्र मान्य नाही, आणि याला माझी दोन कारणं आहेत.

पहिलं कारण असं. प्रयोगशाळेत ठेवलेला शास्त्रज्ञ युद्धापासून दूर राहतो, हा भ्रम आहे. रदरफर्ड स्वतः त्या काळात पाण्याखालच्या पाणबुड्यांचा आवाज टिपण्याच्या कामात होते. तिकडे जर्मनीत फ्रिट्स हाबर यांनी विषारी वायूचं युद्ध उभं केलं. ओटो हान, जेम्स फ्रांक, गुस्टाव्ह हर्ट्झ यांच्यासारखे तरुण त्यांच्या पथकात होते आणि पुढे तिघांनाही नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने शास्त्रज्ञांची आधीच नोंदणी करून त्यांना खंदकांपासून वाचवलं. त्यांच्यातले काही रडारवर राबले, काही अणुबाँबवर. मोझलीने मोकळी सोडलेली ६१ क्रमांकाची जागा १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथे भरली गेली. ती भरणारं प्रोमेथियम अणुबाँबच्या प्रकल्पातल्या भट्टीच्या अवशेषांत सापडलं. बुद्धिमान मुलाला वाचवा, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. वाचवून त्याला कशाला जुंपणार, हेही विचारावं लागतं.

दुसरं कारण अधिक जवळचं आहे. मोझलीसारखी बुद्धी वाया गेली म्हणून आपण हळहळतो, तेव्हा त्याच पठारावर त्याच सकाळी पडलेल्या इतरांचं काय? त्यांच्यापैकी प्रत्येक जण कोणत्या तरी शाळेच्या बाकावर बसलेला असणार. समोरून चढून आलेले तुर्की शिपाईही कोणा ना कोणाची मुलं होती. अणुअंक सापडला नाही म्हणून त्यांचा मृत्यू स्वस्त ठरत नाही. शिक्षकाच्या हजेरीपटात पहिला आणि शेवटचा क्रमांक एकाच शाईने लिहिलेला असतो.

मँचेस्टरच्या त्या प्रयोगशाळेकडे पुन्हा एकदा पाहा. एका टेबलावर काम केलेली मुलं वेगवेगळ्या गणवेशांत गेली. गायगर जर्मन तोफखान्यात होते. हेवेशी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात. मार्सडेन ब्रिटिश बाजूने फ्रान्समध्ये. चॅडविक युद्ध सुरू झालं तेव्हा बर्लिनमध्ये होते, ते चार वर्षं रूलेबेनच्या छावणीत कैदेत राहिले. त्या प्रयोगशाळेबाहेरचे, पण मोझलीला तंत्र शिकवणाऱ्या विल्यम ब्रॅग यांचे पुत्र लॉरेन्स आघाडीवर शत्रूच्या तोफा आवाजावरून शोधत होते; त्यांचा धाकटा भाऊ रॉबर्ट मोझलीनंतर तीनच आठवड्यांनी गॅलिपोलीच्या जखमांनी वारला. त्याच वर्षी पुढे वडिलांना आणि लॉरेन्सना नोबेल जाहीर झालं.

मग मोझलीचं ऋण फेडलं कोणी? याच मुलांनी. कैदेतून सुटून आलेल्या चॅडविक यांनी १९२० मध्ये तांबं, चांदी आणि प्लॅटिनम यांच्या केंद्रकांवरचा प्रभार थेट मोजून दाखवला, आणि अणुअंक म्हणजेच केंद्रकाचा प्रभार हे कायमचं पक्कं केलं. मोझलीच्या यादीतल्या तीन जागांखेरीज ७२ ची जागाही रिकामीच आहे, हे नंतर लक्षात आलं. १९२३ मध्ये कोपनहेगनला ती भरली डर्क कॉस्टर आणि हेवेशी यांनी, मोझलीच्याच पद्धतीने क्ष-किरणांच्या रेषा मोजून. हे हेवेशी मँचेस्टरला त्याचे सोबती होते आणि युद्धात शत्रुपक्षाचे सैनिक. ७५ क्रमांकाचं ऱ्हेनियम १९२५ मध्ये जर्मनांनी शोधलं, ४३ क्रमांकाचं टेक्नेशियम १९३७ मध्ये इटलीत मिळालं. मोझलीचं स्मारक खऱ्या अर्थाने पूर्ण झालं ते दोन्ही बाजूंच्या हातांनी.

बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे वळतो.

ईटनने पहिल्या महायुद्धात हजाराहून अधिक माजी विद्यार्थी गमावले, आणि त्यांची नावं ती शाळा जपते. आपल्याकडून त्या युद्धात दहा लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर गेली. सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मराठा पलटणींतली माणसं मुख्यतः मेसोपोटेमियात लढली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. वेढा एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीने संपला आणि कैदेत अनेक जण मेले. मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा कोरला गेला. राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात ही विषमता कबूल केली आणि क्षमा मागितली.

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत त्या काळची संगमरवरी पाटी अजून भिंतीत दिसते. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याने तर 'मिलिटरी' हे बिरुद गावाच्या नावातच घेतलं. मोझलीने मूलद्रव्याला क्रमांक दिला, त्याने त्या द्रव्याची ओळख पक्की झाली. पाटीवर माणसाला आकडा दिला, त्याने त्याची ओळख पुसली. १९१४ ला गेलेल्यांपैकी किती जण शाळेत गेले होते, हे प्रत्येक गावाला आपापल्या कागदांत शोधावं लागेल. पण १९६२, १९६५, १९७१, कारगिल आणि त्यानंतरच्या मोहिमांत गेलेली मुलं आपल्याच शाळांत शिकली. त्यांची नावं आपल्याच जनरल रजिस्टरमध्ये आहेत.

हुतात्म्याच्या स्मृतिदिनी आपण काय करतो? फोटोला हार, पाहुण्यांचं भाषण, प्रभातफेरी. त्यात काही गैर नाही. पण रदरफर्ड यांनी केलं ते आपण करत नाही. हा मुलगा कोण होता, वर्गात कुठे बसायचा, त्याला गणित आवडायचं की कबड्डी, कोणत्या इयत्तेत नापास झाला, का भरती झाला, हे कोणी लिहून ठेवत नाही. त्याची पलटण, तुकडी, तारीख, ठिकाण, लढाईत नेमकं काय घडलं, हे तपासून लिहीत नाही. त्याच्या मृत्यूत व्यवस्थेची काही चूक असेल तर तीही नोंदवत नाही. परिणामी सगळे हुतात्मे एकाच भाषणात बसतात, आणि एकाही मुलाची आठवण उरत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून मी एक मागणी करतो. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने जुनी रजिस्टरं उघडावीत. लढाईत गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचं एक पान लिहावं. त्याला शिकवलेले शिक्षक हयात असतील तर त्यांनी लिहावं. नसतील तर वर्गमित्रांनी सांगावं आणि आजच्या मुलांनी लिहून घ्यावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तपशील पडताळून घ्यावा. विशेषणं कमी, माहिती जास्त. पहिल्या महायुद्धाच्या पाटीवरचे आकडेही सोडू नयेत. आयोगाच्या नोंदी आता उपलब्ध आहेत, त्यांतून गावाची नावं काढता येतात. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी या कामाची जबाबदारी घ्यावी, आणि पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून भाषणाऐवजी त्या पानांचं वाचन व्हावं. शिक्षक म्हणून माझ्याकडून लागेल ती मदत मी करेन.